खाणीतली पहिली पंगत

आमच्या धाकट्या जावयांइतका पाहुणचार जाणणारा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांनी आजवर एकाही पाहुण्याला आपणहून चहा विचारलेला नाही. त्यांचे पाहुणे वेगळे आहेत. पंप, डंपर, कॅमेरे, वायू मोजणाऱ्या डब्या आणि खाणीत काम करणाऱ्यांच्या कमरेचे हँडसेट. ह्या सगळ्यांच्या पोटात एकेक सिमकार्ड असतं आणि त्या सिमकार्डांची ऊठबस करणं हेच आमच्या जावयांचं काम. जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते ज्या खाणीत कामाला आहेत तिने आपल्यापुरतं वेगळं मोबाइल नेटवर्क घेतलं आहे. बाजारातलं सिम त्यात चालत नाही, आणि त्यातलं सिम बाहेर काढून बाजारात फिरवलं तर ते नुसतं प्लॅस्टिक.

माझी भरवेलीच्या रस्त्याला खानावळ आहे. एकदा पोळ्या लाटता लाटता मी त्यांना विचारलं, की टॉवर तर बाहेर उभे दिसतात, मग तुम्ही दिवसभर एसीच्या खोलीत बसून करता काय. ते दुखावले. म्हणाले, "ताई, टॉवर म्हणजे नुसते कान अन् तोंड. डोकं माह्या खोलीत हाय." त्या डोक्याला ते कोअर म्हणतात. दहा बाय दहाच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक चालू आणि एक अडीनडीला, आणि त्यांच्यात ते सॉफ्टवेअर. कुठलंही सिम जागं झालं की आधी ह्या कोअरच्या दारात येतं. कोअर त्याला विचारतं, तू कोण, यादीत नाव आहे का, खूण पटव. पटली की जागा देतं, कुणी किती बोलायचं ते ठरवतं, आणि डंपर एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सरकला तर लक्षात ठेवतं. लग्नघराच्या दारात उभा असतो ना एक खमका मामा, तसं. फरक एवढाच, की हा मामा दिवसरात्र उभा असतो आणि आमचे जावई त्या मामाचे मामा.

कामाचा माणसावर परिणाम होतो हे मला मान्य आहे. शिंप्याला माणूस दिसला की माप दिसतं. पण जावयांचं प्रकरण त्याच्या पुढे गेलं आहे. त्यांच्या घरी गेलं की दारातच चौकशी होते. मी बायकोची मोठी बहीण, तिच्या बाळंतपणात दोन महिने त्या घरात राहिलेली, पण मलाही सूट नाही. "कोण? कुठून आले? काय काम?" मी म्हणते, "जवाई, मी हाव." ते म्हणतात, "हौ, दिसून राह्यलं. पण सांगा लागते." मग ते खुर्ची नेमून देतात. मला खिडकीजवळची निळी, आमच्या ह्यांना दाराजवळची लाकडी. दुसरीवर बसलं की ते अस्वस्थ होतात. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे न सांगता निघून जाणं. एकदा वारासिवनीचे एक नातेवाईक मागच्या दाराने चप्पल घालून निघून गेले, तर जावयांनी संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही. माझी बहीण म्हणाली, "अहो, ते गेले ना!" तर म्हणाले, "त्याईनं सांगतलं कुठं? जागा अडकली ना मंग."

नावांचा छंद तर विचारू नका. कंपनीने प्रत्येक सिमला पंधरा आकडी नंबर दिला आहे. जावयांनी नंबरांच्या पुढे नातेवाईक लिहिले. खालचं पाणी उपसणारा पंप दिवसभर पुटपुटत असतो, म्हणून तो मोठी आत्या. वायू मोजणारी डबी जरा धूळ लागली तरी बोंब मारते, म्हणून ती दम्याचा मामा. आमचे हे त्याच पंपावर फिटर आहेत, म्हणून ह्यांचा हँडसेट साडभाऊ. एक डंपर आवाराच्या पार टोकाला उभा राहतो, घटकेत ह्या टॉवरचा, घटकेत त्या टॉवरचा, कुणाचाच धड नाही. त्याचं नाव राजेगावचा साळा. दोन राज्यांच्या सीमेवरच्या राजेगावात ज्यांनी मोबाइल वापरला आहे, आणि जेवता जेवता ज्यांचा फोन मध्यप्रदेशातून महाराष्ट्रात जाऊन आला आहे, त्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. यंत्र गप्प झालं की जावयांच्या फोनवर संदेश येतो. लालबर्र्याला एका साखरपुड्यात मंडप भरलेला असताना ते ताडकन उठले आणि फोनकडे बघत ओरडले, "मोठी आत्या बोलत नाही हो!" समोर खरी मोठी आत्या लाखोळीचे वडे खात बसली होती. ती म्हणाली, "तोंडात घास हाय रे बाबा, कशी बोलू?"

बाहेरच्या कशावर विसंबायचं नाही, हा त्यांचा आणखी एक बाणा. कुठे रस्त्याचं काम निघतं, जेसीबीवाला जमिनीतली केबल तोडतो आणि गावातल्या सगळ्यांचे मोबाइल मुके होतात. त्या दिवशी आमचे जावई नवरदेवासारखे मिरवतात. जो भेटेल त्याला सांगतात, "आपलं चालू हाय बरं! आपलं डोकं आपल्या घरी हाय!" ह्याच तत्त्वावर त्यांनी घरात लहान चक्की आणली, आणि ह्याच तत्त्वावर ते स्वतःचे केस स्वतः कापतात. चक्की चांगली आहे. केसांबद्दल मी काही बोलत नाही.

आणि एवढं करून हे गृहस्थ कधी खाली खाणीत उतरलेले नाहीत. खाली नेणाऱ्या लिफ्टला तिथे केज म्हणतात. दार लागलं की त्यांचा श्वास कोंडतो. एकदा हिंमत करून आत गेले होते, आणि केज हलायच्या आत "माहा चष्मा राह्यला" म्हणून बाहेर आले. चष्मा डोळ्यांवर होता. कुणी हसलं नाही, हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं. खाणीत भीतीला हसत नाहीत.

आता मुद्द्याचं सांगते. हे नेटवर्क सुरुवातीला फक्त वरच्या आवारात होतं. खाली दोन ठिकाणी तारेचे फोन, बाकी काही नाही. माणूस त्या फोनपासून शंभर पावलं लांब गेला की तो वरच्यांच्या लेखी नाहीसाच. आमचे हे अठरा वर्षं खाली उतरतात. पाळी संपून तासभर झाला आणि मोटरसायकल आली नाही, की मी भाजी परत गरम करते. घाबरण्याचा माझा स्वभाव नाही, पण भाजी गरम करते. जावयांनी दोन वर्षं साहेबलोकांच्या मागे लागून खालच्या एका थरावर नेटवर्कची चाचणी मंजूर करून घेतली. चाचणी पास झाली तर नेटवर्क सगळ्या थरांवर जाणार, प्रत्येक माणसाच्या कमरेला, संकटात दाबायच्या लाल बटणाचा हँडसेट येणार. नापास झाली तर सगळा माल खोक्यात भरून परत, आणि खाली पुन्हा ते दोन तारेचे फोन. जावयांनी महिनाभर आधीपासून दाढी नेमाने करायला घेतली, त्यावरून मी ओळखलं की हे प्रकरण त्यांच्या जिवाला लागलं आहे.

चाचणीच्या दिवशी बाहेरून चार साहेब आले. त्यांचं जेवण माझ्याकडून होतं, म्हणून मीही डबे घेऊन जावयांच्या खोलीत कोपऱ्यात बसले होते. साहेबांच्या हातात एकेक टॅबलेट दिला होता आणि त्यावर खालच्या कॅमेऱ्यांचं चित्र लख्ख दिसत होतं. "वाह भई, एकदम साफ!" असं प्रत्येकाने दोनदा म्हटलं. मग खरी परीक्षा. आमचे हे खाली पंपाजवळ उभे होते. त्यांनी लाल बटण दाबायचं आणि वरच्या पडद्यावर तत्काळ घंटा वाजायची. मोठ्या साहेबांनी तारेच्या फोनवरून सांगितलं, दबाओ. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. पडदा आमच्याकडे बघत राहिला. एक मिनिट गेलं. जावयांच्या कानामागून घाम निघाला तो कॉलरपर्यंत पोचला, घंटा काही वाजली नाही. तारेचा फोन वाजला. आमचे हे विचारत होते, "तीनदा दाबलं. बोट दुखून राह्यलं. अजून दाबू का?"

मोठे साहेब वाईट नव्हते, पण माणसाच्या जिवाची गोष्ट होती. ते म्हणाले, "आठ दिन बाद फिर देखेंगे. तब भी यही हाल रहा तो सामान वापस." सगळ्यांनी टॅबलेट बंद करून टेबलावर ठेवले आणि हात धुवायला निघाले. आणि त्याच वेळी, साहेबांनी रिकाम्या केलेल्या खोलीत, घंटा खणखणीत वाजली. एकदा नाही, तीनदा. मी आणि जावई एकमेकांकडे बघत राहिलो.

पुढचे चार दिवस त्यांनी तारा बदलल्या, बॅटऱ्या बदलल्या, खालचे अँटेना इकडचे तिकडे लावून घेतले, शेवटी खडकाला शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी दुपारी माझ्या खानावळीत येऊन बसले आणि जेवायला नको म्हणाले. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. गर्दीची वेळ होती. एका बँकेचे मोठे अधिकारी आधीपासून बसले होते, पण मी त्यांना थांबवून मागून आलेल्या लोडरवाल्याला आधी ताट वाढलं. जावई आपलं दुःख विसरून दचकले.

"ताई! साहेबाले थांबवलं तुम्ही?"

"साहेबाले कुठं जाचं हाय? लोडरवाल्याची पाळी दोनले लागते. इथं ज्याचं काम अडते त्याचं ताट आधी."

"पण मान..."

आणि मला ती रिकाम्या खोलीत वाजलेली घंटा आठवली. टॅबलेट बंद झाल्यावर वाजलेली. मी हातातला डाव खाली ठेवला.

"जवाई, तुमच्या कोअरमंधी गर्दी झाली तर कोणाले आधी वाढता?"

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. यादी होती, त्यांच्याच सुवाच्य अक्षरात, आणि तीच त्यांनी कोअरमध्ये भरली होती. सगळ्यांत आधी पाहुणे साहेबांचे टॅबलेट. मग आपल्या साहेबांचे. मग ऑफिस, मग कॅमेरे, मग डंपर. मग माणसांचे हँडसेट. दम्याचा मामा त्यानंतर, मोठी आत्या त्याच्या मागे, आणि सगळ्यात शेवटी, कागदाच्या तळाशी, लाल बटण.

"लाल बटण शेवटी काहून?"

"ते तर कधीमधीच लागते ना, ताई. अन् पंप, बटण, हे आपले घरचे. पाहुण्याले आधी वाढा लागते, घरच्या बाया मागून जेवतात. आपल्याकडं तसंच हाय ना?"

त्यांनी हे अगदी निर्मळ मनाने विचारलं. चूक त्यांची एकट्याची नव्हती. आमच्या घरी लग्न असो, बारसं असो, जावई पहिल्या पंगतीला. पाट, समई, गरम चिन्नोरचा भात, वर तुपाची धार. बावीस वर्षं ते पहिल्या पंगतीला जेवून हात धुवून पान खायला गेले. त्यांच्या समजुतीने जगात दुसरी पंगत असेलही, पण ती पहिलीसारखीच असणार.

मी म्हटलं, "तिसऱ्या पंगतीले काय उरते, मालूम हाय का?"

"काय उरते?"

"पातेलं."

मी त्यांना स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसवून घेतलं. आता भूक लागली होती त्यांना, वासाने. पण मी वाढलं नाही. शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत तीन वाजले. माझ्याकडच्या दोघी बाया आणि मी रोज जेवतो तेच त्यांच्या ताटात पडलं. भाताची खरवड, तळाचं वरण, भाजी म्हणून वांग्याची दोन देठं आणि रस्सा. ते मान खाली घालून जेवले. अर्ध्यातच थांबले.

"रोज असंच जेवता तुम्ही?"

"रोज."

"सांगतलं नाही कधी?"

"तुम्ही विचारलं कधी?"

ते उठले, हात धुतला न धुतला, आणि स्कूटरवर बसले. ताट पुसून खाणाऱ्या माणसाने ताटात देठ ठेवलं, ही आमच्या घराण्यातली नोंद घेण्यासारखी घटना होती. जाताना मात्र न विसरता ओरडले, "निघतो, ताई!"

यादी उलटी करायला त्यांना अर्धा तास लागला. लाल बटण सगळ्यांच्या वर, मग माणसाचा आवाज, मग दम्याचा मामा, मग मोठी आत्या. खरं काम पुढे होतं. गर्दी झाली की कोअर मागच्यांना थोपवणार, म्हणजे साहेबांचं चित्र अडकणार, आणि हे साहेबांना सांगायचं कुणी? माझ्या बहिणीने सुचवलं की आधीच पत्र लिहा. जावयांनी तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात फार माफी होती, दुसऱ्यात फार तांत्रिक माहिती, तिसऱ्यात दोन्ही.

आठव्या दिवशी तेच चार साहेब, त्याच खुर्च्या, तीच मी कोपऱ्यात. टॅबलेट सुरू झाले. थोड्या वेळाने मोठ्या साहेबांच्या पडद्यावरचा खाणकामगार एक पाय उचलून तसाच उभा राहिला.

"ये अटक क्यों रहा है?"

जावई उभे राहिले. मला वाटलं, आता चष्मा राहिला म्हणून बाहेर जातात. पण ते जागचे हलले नाहीत. हात जोडून, आपल्या बालाघाटी हिंदीत म्हणाले, "सर, आप तो घर के आदमी हो. घर के लोग पीछे बैठते हैं. पहले उनको, जो नीचे हैं."

मोठ्या साहेबांनी टॅबलेट मांडीवर ठेवून तारेचा फोन उचलला आणि म्हटलं, "दबाओ."

तो शब्द पुरा होतो न होतो तोच घंटा वाजली. आणि घंटेपाठोपाठ आमच्या ह्यांचा आवाज, शेजारी बसून बोलावं इतका जवळून: "वाजली का? नाही तं सांगा, दुसऱ्या बोटानं दाबतो."

साहेबांनी तिथेच सही केली. कागद जावयांनी दोन्ही हातांनी घेतला. मग सगळे साहेब व्हरांड्यात जेवायला गेले, आणि मी डबे उचलायला वाकले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आवाज अजून येतो आहे. लाल बटणाचा कॉल वरून बंद केल्याशिवाय बंद होत नाही, असं जावई म्हणाले. खाली कुणाला ते ठाऊक नव्हतं.

पंप पुटपुटत होता. पाणी कुठेतरी थेंबथेंब पडत होतं, आणि प्रत्येक थेंबाला मागून दुसरा आवाज येत होता, मोठ्या रिकाम्या जागेत येतो तसा. बुटांचा चिखलातला आवाज. कुणीतरी "खर्रा हाय का?" विचारलं आणि आमचे हे म्हणाले, "हाय ना, घे." तंबाखू-सुपारीचा तो खर्रा सोडला म्हणून त्यांनी माझी शपथ घेतली होती. ते मी नंतर बघितलं, व्यवस्थित बघितलं.

मग पाना लोखंडावर दोनदा वाजला, आणि आमचे हे गुणगुणायला लागले. शब्द नव्हते. सूर म्हणावा असंही काही नव्हतं. काम करता करता माणूस स्वतःशीच करतो तसं काहीतरी, लांबलचक, संपायची घाई नसलेलं. घरी ते कधी गुणगुणत नाहीत. मला वाटायचं, त्यांना येतच नाही.

जावई खुर्चीच्या काठावर बसून ऐकत होते. खाली कधी न उतरलेली आम्ही दोघं माणसं.

"असं असते तं खाली," ते हळूच म्हणाले. मग त्यांचा हात पुढे गेला. "बंद करू, ताई?"

"थांबा जरा," मी म्हटलं.

व्हरांड्यातून कुणीतरी वरण मागितलं. दुसऱ्यांदा हाक आली. मी उठले नाही.